दुसरा कोस

खुशालरावानं माझ्या गालावर पहिली थापड मारली तेव्हा, खरं सांगतो, मला मनातून आनंद झाला. महिनाभर मी तिची वाट पाहत होतो. फक्त एक घोटाळा झाला. पुस्तकात उजव्या गालाचं लिहिलं होतं आणि खुशालरावानं मारली डाव्यावर. आता काय करावं या विचारात माझा क्षणभर गेला. मग मी उजवा गाल पुढे केला. मला वाटलं होतं, इथे माणूस थबकतो, त्याचा हात खाली येतो, डोळ्यांत पाणी येतं. खुशालराव थबकला नाही. त्यानं उजव्यावरही मारली आणि ती पहिलीपेक्षा जोरात बसली, कारण आता त्याला अंदाज आला होता.

"अजून पाह्यजे काय?" त्यानं विचारलं.

पुस्तकात तिसऱ्या गालाची सोय नव्हती. मी घरी आलो.

माझी बायको मैनाबाई ओसरीत सरकी निवडत बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं बाप्पा?"

"वैऱ्यावर प्रीती करून आलो," मी म्हणालो.

"मंग उद्या जराशी कमी करजा," ती म्हणाली आणि पुन्हा सरकीकडे वळली.

हे सगळं समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. त्या दोन-तीन वर्षांत साऱ्या वऱ्हाडाला कापसानं वेड लावलं होतं. दूरच्या कुठल्या मुलखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. जन्मभर ज्वारी पेरणाऱ्यांनी अंगणातसुद्धा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली. भातकुलीकडच्या माळ्यांनी वांगी उपटून कपाशी पेरली आणि मग तेच भाजीसाठी अमरावतीच्या बाजारात जाऊ लागले. आमच्या गावात एकानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवली, तर आठ दिवसांत ज्याला त्याला आपल्या बैलाची शिंगं नागडी दिसायला लागली. आणि सगळ्यांचा डोळा होता धुऱ्यावर. दोन वावरांमधला तो हात-दीड हात गवताचा पट्टा, आमच्या बापजाद्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता त्याच्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर बैलांना टोचायची तुतारी घेऊन धावत होते.

मी यांच्याहून वेगळा होतो असं मला वाटायचं. कारण माझ्याकडे पुस्तक होतं.

ते मिळालं अमरावतीला, आदल्या माघात. कापसाच्या गाड्यांची रांग अर्ध्या कोसापर्यंत लागली होती आणि माझी गाडी दोन दिवस जागची हलत नव्हती. शेजारी लिंबाच्या झाडाखाली भगवंत मास्तर नावाचा नागपूरकडचा एक उपदेशक शुभवर्तमान वाचून दाखवत होता. किरिस्ताव झाला तरी त्यानं नाव जुनंच ठेवलं होतं. ऐकणारे आम्ही तिघं-चौघं, तेही रांग अडली म्हणून. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांचं पोट भरतं, असं काहीतरी तो वाचत होता. मला आधी हसू आलं. आमच्या ज्वारीवर बसणारी पाखरं कोणाच्या जिवावर पोट भरतात हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पुढे तो म्हणाला, उद्याची काळजी उद्यावर टाका. तेव्हा माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. त्या साली माझ्याकडे कधी नव्हतं एवढं पिकलं होतं आणि कधी नव्हता एवढा घोर मला लागला होता. घास गिळताना मी दुसऱ्याच्या वावरातली बोंडं मोजत होतो. त्या लिंबाखाली, एवढ्या धुळीत, पहिल्यांदा मला वाटलं, माणूस याहून बरा राहू शकतो.

मला बाळबोध अक्षर जुळवून वाचता यायचं. मी पुस्तक घेतलं आणि मास्तराला म्हणालो, "मले बाप्तिस्मा द्या."

मास्तर हसला. "घाई नको, चंद्रभान. एक वर्षभर यातलं जगून पाहा. मग ये."

झालं. मी ते परीक्षेसारखं घेतलं. एकेक वचन पाठ करायचं, करून दाखवायचं आणि पुढच्याला लागायचं, असा माझा बेत. करून दाखवायचं म्हणजे कोणीतरी पाहत असताना करायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता खुशालरावानं थापड का मारली तेही सांगतो. मृगात पेरणीच्या वेळी तो सासुरवाडीला, अचलपूरला गेला होता. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. मी आमच्यातला धुरा वखरून टाकला आणि त्याच्या बाजूला कपाशीच्या दोन ओळी जास्तीच्या पेरल्या. ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. ती दोन तासं पुढे चार महिने आमच्या दोघांच्या डोळ्यांत वाढली. तुम्ही विचाराल, तेव्हा पुस्तक कुठे होतं? पुस्तक घरी होतं. मी ते वावरात नेत नसे, मळेल म्हणून.

तर थापड खाल्ली ती या दोन तासांपायी, कार्तिकात, पहिली वेचणी झाल्यावर. आणि गाल पुढे केला म्हणून मी इतका खूश होतो की तासांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावातून मोजणीवाल्या साहेबाचा मुक्काम उठल्याची बातमी आली. सरकारनं तेव्हा गावोगाव जमीन मोजायला काढली होती. साहेब एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई तेव्हा त्याचे तंबू, खाट, खुर्च्या, स्वयंपाकाच्या पेट्या वाहायला गावच्या गाड्या वेठीला धरत. मजुरी मिळाली तर मिळाली. कोतवालानं सकाळीच दारात येऊन हाक मारली, "चंद्रभान, गाडी जुंप! कोसभर जायाचं हाय, वडापर्यंत."

बाकीचे शिव्या देत गाड्या जुंपत होते. मी मात्र आतून उजळून निघालो. कोणी तुला एक कोस वेठीला धरलं तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा, हे वचन मी आषाढापासून पाठ करून ठेवलं होतं आणि त्याला कोणी गिऱ्हाईकच भेटत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनाच्या कोपऱ्यात आणखी एक विचार होता. साहेब म्हणजे किरिस्ताव. त्याच्या कानावर गेलं की एक कुणबी त्याच्या धर्माचं वचन पाळतो, तर तो खूश होईल. आणि खूश झालेल्या माणसाची मोजणीची साखळी धुऱ्यापाशी जराशी वाकडी पडली, तर त्यात माझा काय दोष?

आम्ही चार गाड्या निघालो. वड आला. साहेबाचा चपराशी पुढच्या गावात दूध, कोंबड्या आणि कडबा गोळा करायला गेला होता. तिघांनी सामान धडाधड उतरवलं आणि कोणी दुसरी वेठ सांगण्याआधी गाड्या पळवल्या. माझ्या गाडीत साहेबाचा मोठा तंबू, खाट आणि खाण्याची पेटी होती. मी त्या पळणाऱ्यांकडे दयेनं पाहिलं. मुक्काम पुढेच कुठेतरी असणार, वेठीचं सामान असंच गावागावातून पुढे सरकतं, असा माझा समज. बैलांना म्हणालो, "चला राजा, दुसरा कोस." बैलांना ते वचन पसंत नव्हतं, पण त्यांना कोण विचारतो.

दुसऱ्या कोसावर नाल्याकाठी आमराई होती. तिथे मी सगळं उतरवून नीट रचून ठेवलं आणि वाट पाहत बसलो. कोणीतरी येईल, आश्चर्यानं विचारेल, बाबा, तू इथवर का आलास? मग मी काय उत्तर द्यायचं तेही मी दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं. दुपार टळली. कोणी आलं नाही. भाकर मी गाडीतच खाल्ली.

मग दोन घोडेस्वार शिपाई आले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. एकानं माझ्या दंडाला धरलं, दुसऱ्यानं पेटीची कडी तपासली.

"सरकारी तंबू घेऊन पळतो, चोरट्या?"

सगळं पुन्हा गाडीत भरायला लावून त्यांनी मला मागे आणलं. साहेबाचा मुक्काम वडाखालीच होता. आमच्या गाड्या गेल्यावर तो तिथे पोचला होता आणि तेव्हापासून बसून होता, तंबूशिवाय, खाटेशिवाय आणि, माझ्या पेटीमुळे, जेवणाशिवाय. मला त्याच्यापुढे उभं केलं तेव्हा त्याचं तोंड पिकल्या तोंडल्यासारखं लाल झालं होतं. त्याच्या बाजूला शिरस्तेदार बसला होता, पुण्याकडचा, मांडीवर कागद आणि कानावर बोरू. साहेब त्याच्या भाषेत विचारी, शिरस्तेदार मला मराठीत सांगे आणि माझं उत्तर साहेबाला कळवी.

"वडापाशी थांबायला सांगितलं असता तू पुढे का गेलास?" शिरस्तेदारानं विचारलं.

"दोन कोस जायाचं सांगतलं होतं जी."

"कोणी सांगितलं?"

"येसूनं," मी म्हणालो. आमच्या तोंडी ते नाव तसंच येतं.

शिरस्तेदारानं बोरू काढला आणि लिहून घेतलं. साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेब कडाडला.

"साहेबांचा हुकूम आहे, त्या येसूलाही हजर करा. राहतो कुठे हा?"

मी भांबावलो. पण मास्तरानं शिकवलं होतं की साक्ष द्यायची वेळ आली तर खरं तेच सांगावं.

"तो सगळीकडेच हाय जी."

"फरारी," शिरस्तेदार पुटपुटला आणि लिहिलं. "धंदा?"

"सुतार."

"बापाचं नाव?"

इथे मी अडकलो. ही गोष्ट मास्तरानं मला तीनदा समजावली होती आणि तिन्ही वेळा मी मान हलवली होती. आता मान हलवून भागणार नव्हतं.

"दोन हायेत," मी म्हणालो.

शिरस्तेदारानं मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एका चपराश्याला आमच्या गावी पिटाळलं, की येसू नावाचा सुतार असेल तिथून धरून आण. तोपर्यंत मी उन्हात उभा. साहेब पेटीतलं काहीतरी खात होता आणि अधूनमधून माझ्याकडे पाहत होता. शहीद होणाऱ्या माणसाला कसं वाटत असेल असा विचार मी करत होतो. वचन मात्र एकही आठवत नव्हतं.

उतरत्या उन्हात चपराशी परत आला. त्याच्याबरोबर येसू नव्हता. खुशालराव होता.

मला वाटलं, आता हा माझ्या तासांचंही सांगणार आणि मी पक्का चोर ठरणार.

खुशालरावानं साहेबाला मुजरा केला. "साहेब, आमच्या गावात येसू नावाचा सुतार नाई. हा ज्याचं नाव सांगून राहिला तो लय जुना माणूस हाय. तो तुमचाच देव हाय जी. या बह्याडानं त्याचं पुस्तक आणलं बाजारातून, आन् त्यात जे लिहिलं ते हा करून पाह्यते. मले थापडीसाठी दुसरा गाल बी देल्ला होता यानं."

"आणि तुम्ही काय केलंत?" शिरस्तेदारानं विचारलं.

"मारली जी. त्यानं देल्ला होता."

शिरस्तेदाराचा बोरू थांबला. त्यानं लिहिलेल्या ओळी एकदा वाचल्या, मग साहेबाकडे झुकून हळू आवाजात बोलू लागला. साहेब खाता खाता थांबला. त्याच्या तोंडाचा लाल रंग आधी उतरला आणि मग दुसऱ्याच कारणानं पुन्हा चढला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तंबूच्या ढिगाकडे पाहिलं, वडाच्या पारंब्यांकडे पाहिलं. मग दोन वाक्यं बोलला.

"साहेब म्हणतात," शिरस्तेदारानं सांगितलं, "वचन खरं आहे. पण ते सरकारी तंबूंना लागू नाही. आता तो तंबू उभा करा आणि घरी जा."

तंबू आम्ही दोघांनी उभा केला. खुशालरावाला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी मेख धरली की त्यानं मोगरी उचलायची, असं आपोआपच होत गेलं.

परतताना तो माझ्याच गाडीत बसला. वड मागे पडला. मग मी विचारलं, "तू काहून आला?"

"चपराशी चावडीवर विचारून राहिला होता, येसू कोण, येसू कोण. सगळे हसले. मले समजलं का तूच असशीन." तो म्हणाला. "तुले आत टाकलं असतं तं मोजणीच्या वक्ती मी कोनासंगं भांडलो असतो?"

ते ऐकून मला वाटलं, हाच तो क्षण. मी कासरा ओढून गाडी थांबवली, त्याच्याकडे वळलो आणि मास्तरासारखा आवाज काढून म्हणालो, "खुशालराव, म्या तुले माफ केलं."

"कायचं?"

"त्या थापडांचं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. आधी त्याला समजलंच नाही. समजलं तेव्हा तो गाडीतून खाली उतरला, कदाचित बसून एवढा राग मावत नसावा.

"माफ तू करून राहिला? वावर माह्यं, पऱ्हाटी तू पेरली, कापूस तू वेचला, आन् माफ तू करून राहिला मले?" त्याचा आवाज चढला तसा बैलांनी कान टवकारले. "गाल मांगतला होता काय म्या? दोन्ही गाल देल्ले तुनं, तास एक बी नाई देल्लं!"

आणि तो पुढे चालू लागला. मी गाडी त्याच्या मागे नेली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्या दोन तासांबद्दल मी सहा महिने एकही वचन शोधलं नव्हतं. शोधायला गेलो असतो तर दर पानावर सापडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठीत गेलो आणि त्या दोन तासांच्या वेचणीचा कापूस वेगळा काढू लागलो. मैनाबाई दारात येऊन उभी राहिली. मी बांधलेलं गाठोडं तिनं एका हातानं उचलून पाहिलं, ते सोडलं आणि त्यात आणखी चार ओंजळी टाकल्या. मी म्हणालो, "एवढा नसन निंगाला."

"निंगाला होता," ती म्हणाली. "वेचला होता म्या."

आता हे नेऊन द्यायचं कसं? इथे मला एकदम आठवलं की उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असंही एक वचन आहे. पुस्तक मिळाल्यापासून मी केलेलं प्रत्येक पुण्य सगळ्या गावाला कळलं होतं. चोरीचा माल परत करायची पाळी आली तेव्हाच मला गुप्ततेचं वचन सापडलं. मी भर दुपार गाठली, सगळे वावरात असतात तेव्हाची, आणि मागच्या बोळानं खुशालरावाच्या घरी गेलो. ठेवायचं आणि निघायचं.

पण त्याची बायको दुर्गाबाई घरीच होती. तिला थोडं कमी ऐकू येई, त्यामुळे ती स्वतःही मोठ्यानंच बोले.

"कापूस काहून आणला चंद्रभानभाऊ?"

"तुमचाच हाय, वहिनी," मी हळू म्हणालो.

"काय? कोनाचा हाय?"

"तुमचा. दोन तासांचा."

"कोन मेलं?"

शेजारच्या दोन बायका ओट्यावर आल्या. समोरचा म्हातारा काठी टेकत आला. शेवटी मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा इतक्या जोरात ओरडलो. "म्या तुमच्या वावरात दोन तासं चोरून पेरली होती! हा त्याचा कापूस हाय! उभी पऱ्हाटी बी तुमची!"

दुर्गाबाईला आता नीट ऐकू आलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "तिथं ठेवा, कोपऱ्यात. गुळपाणी घ्या."

गूळ खाल्ला तो खाली मान घालूनच. पण बाहेर पडलो तेव्हा छातीत पुन्हा ते सैल झालं, लिंबाखाली झालं होतं तसं. फरक एवढाच की या वेळी कान तापले होते आणि सगळा बोळ माझ्याकडे पाहत होता.

मोजणी पुढे पौषात झाली. साहेबाची साखळी जुन्या धुऱ्याच्या जागेवरून सरळ गेली. खुशालराव आणि मी दोन टोकांना उभे होतो. भांडायला काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं मिळून साखळी धरणाऱ्या माणसाशीच हुज्जत घातली.

वर्ष भरल्यावर मी अमरावतीला भगवंत मास्तराकडे गेलो आणि सगळं सांगितलं. थापड, तंबू, दोन बाप, सगळं. एकही परीक्षा धड दिली नाही, आणखी एक वर्ष द्या, असंच मी म्हणणार होतो. मास्तर दोन बापांपाशी इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"रविवारी ये," तो म्हणाला.

मैनाबाई आली नाही. "तुमी व्हा," ती म्हणाली. "मी आपली जशी हाय तशी बरी." पण धोतर तिनं आदल्या दिवशीच धुऊन ठेवलं होतं. खुशालरावाला अमरावतीला सरकी विकायची होती, म्हणून तो गाडीत होता. मास्तरानं माझ्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तो प्रार्थनाघराच्या दाराशी पागोटं सावरत उभा होता, आत यावं की न यावं या विचारात.

मी बाहेर आलो. केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं. खुशालरावानं मला वरून खाली पाहिलं, काही बदललं आहे का ते शोधत.

"झालं?"

"झालं."

"येवढंच?"

"येवढंच."

"मंग चाल लवकर," तो गाडीवर चढत म्हणाला. "बाजार उठून जाईन."